शिळा जागच्या जागी राहू द्या

नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांवरून आपल्याकडे अधूनमधून वाद रंगतो, आणि इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बसून तो वाचताना वाटते की ज्या पुराव्यावर हा वाद उभा आहे त्याचीच आपल्याला काळजी नाही. काही शिळांवर रांगेने कोरलेले वाटीएवढे खळगे आहेत. एक पक्ष त्यांना आकाशनिरीक्षणाच्या खुणा मानतो, तर दुसरा म्हणतो की ही लोहयुगातील दफने आहेत, वेधशाळा नव्हे. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. परंतु खळग्यांची दिशा मोजायची तर शिळा मूळ जागीच हवी, आणि ती हातभर जरी सरकली तरी दोन्ही पक्षांचे म्हणणे तपासण्याची सोय संपते.

विल्टशरमधल्याच एव्हबरी गावाने हे नुकसान सोसले आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या महावर्तुळातील कित्येक शिळा सतराव्या-अठराव्या शतकांत गावकऱ्यांनी जाळ करून तापवल्या, वर गार पाणी ओतून फोडल्या आणि त्याच दगडांनी घरे बांधली. १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर केलर यांनी मातीत गाडलेल्या शिळा काढून पुन्हा उभ्या केल्या, आणि जिथे शिळाच उरली नव्हती तिथे तिच्या खड्ड्याचा माग काढून काँक्रीटचा बुटका खांब रोवला. हे खांब ओबडधोबड दिसतात, तरी मला त्यांचे मोल फार वाटते, कारण गेलेल्या शिळेची जागा त्यांनी राखली आहे.

पुरावा जपला तर तो बोलतो: जवळच्याच स्टोनहेंज या शिळावर्तुळातील ‘ऑल्टर स्टोन’ नावाची सहा टनांची शिळा ईशान्य स्कॉटलंडमधून, म्हणजे सुमारे ७५० किलोमीटरवरून आली असावी, हे २०२४ मध्ये तिच्या जपून ठेवलेल्या तुकड्यांतील खनिजकणांवरून कळले. ती आणली कशी, हे गूढ त्यामुळे उलट अधिकच वाढले.

अशा पुराव्यांत विदर्भही उणा नाही. माहुरझरीला घोड्यांची दफने सापडली, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी. म्हणून प्रत्येक वर्तुळाला क्रमांक, प्रत्येक शिळेची मोजणी आणि खळग्यांच्या दिशांची नोंद मराठीत सर्वांसाठी खुली व्हावी, असा माझा आग्रह आहे. आणि हे ओझे एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये: नांगराच्या आड येणारी शिळा तो शेतात राहू देत असेल, तर तेवढ्या जमिनीचा मोबदला त्याला दरवर्षी मिळाला पाहिजे.