जेन एअर भित्री होती म्हणे!

आज शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीवरच्या एका व्याख्यानाला गेले आणि डोकं फिरवून घेऊन घरी आले. वक्ते म्हणाले, "जेन एअरनं प्रेमापेक्षा पापपुण्याला भाव दिला. भित्री पोरगी!" सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी तर टाळ्या वाजवल्या.

भित्री? चर्चमध्ये जेनचं तिच्या मालकाशी, रॉचेस्टरशी, लग्न लागत असताना एक वकील उठून सांगतो की नवरदेवाची पहिली बायको जिवंत आहे. ती वेड लागलेली, त्याच्याच वाड्यात तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली निघते. त्यावर रॉचेस्टरसाहेब काय म्हणतात, तर दक्षिण फ्रान्समध्ये माझा बंगला आहे, तिथे जाऊन राहू. जेनचा जीव आहे त्याच्यावर. नको म्हणायला लावणारं घरचं माणूसही नाही. तरी ती पहाटे वीस शिलिंग घेऊन निघते, ते भाड्यात जातात, बोचकं गाडीतच राहतं, आणि शेवटी डुकराला घालायची लापशी मागून खाते. भित्री असती तर मुकाट बंगल्यात गेली असती ना!

आमची आत्या साताऱ्याला नोकरीला होती. साहेबांचं हिच्यावर मन, हिचंही त्यांच्यावर. घरी त्यांची बायको, डोक्यावर परिणाम झालेली. साहेब खोली घेऊन द्यायला तयार होते. आत्यानं अर्ज करून बदली मागून घेतली. घरात सगळे म्हणाले, शिष्ट आहे.

बरं, रॉचेस्टर अडकला होता, मान्य. कादंबरी आली 1847 ला. तेव्हा इंग्लंडात घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करायचं तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. 1857 ला कोर्टाची वाट मोकळी झाली, पण जोडीदाराचं वेड हे कारण कायद्यात यायला 1937 उजाडलं. पण म्हणून एका अठरा वर्षांच्या मुलीला फसवून चर्चमध्ये उभं करायचं?

आणि वक्त्यांनी जे सांगितलंच नाही ते हे. तिला मनवता मनवता रॉचेस्टर आपण आधी ठेवलेल्या बायकांबद्दल बोलतो, रखेल ठेवणं म्हणजे जवळजवळ गुलाम विकत घेणं, असं तुच्छतेनं. जेन ते ऐकते आणि ओळखते की उद्या माझ्याबद्दलही हा असंच बोलेल. पापपुण्य तिच्या मनात आहेच, नाही कोण म्हणतंय! पण आत्या एकदा भाजी निवडताना म्हणाली होती, "त्यांनी भाडं भरलेल्या खोलीत मी कोण झाले असते गं?" तिनं ही कादंबरी वाचलेली नव्हती.

चिडून लिहायला बसले, पण आता ती कोंडलेली पहिली बायको, बर्थाच, डोळ्यांपुढे येतेय. जमैकाहून तीस हजार पौंड हुंडा घेऊन आलेली बाई, तिचं म्हणणं कुणी ऐकतच नाही, आणि लेखिका तिला जळत्या छपरावरून उडी मारायला लावून जेनची वाट मोकळी करते. वर जेनला मदेरा बेटावरच्या काकांचे वारसाहक्कानं वीस हजार पौंड. सोयीचं आहे, हो. आत्याचे कुणी काका मदेराला नव्हते. साहेबांची बायको साहेबांच्या मागेही जगली, आणि आत्यानं लग्न केलं नाही.

पण ते पैसेही जेन भावंडांत चार वाटे करून घेते, आणि मग त्या आगीत आंधळ्या झालेल्या रॉचेस्टरला येऊन सांगते की मी आता स्वतंत्र आहे, ठेवून घेतलं नाहीत तर तुमच्या दाराशेजारी स्वतःचं घर बांधीन. एवढं पान तरी वाचून यायचं हो भाषणाला!