तिने माफ केलं आणि कादंबरी संपली

चर्चमध्येच अत्याचार सोसून त्यातून तगलेल्या माणसांवरच्या ख्रिस्ती कादंबऱ्या मी आवडीने वाचते, पण एक तक्रार कधीपासून मनात आहे, ती आज लिहूनच टाकते. यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांना शेवटी भलतीच घाई होते. जी बाई पुस्तकभर दाराची कडी पुन्हापुन्हा तपासल्याशिवाय झोपत नाही, ऑर्गनचा सूर कानावर आला की जिच्या तळहाताला घाम फुटतो, ती अचानक एका प्रार्थनेत मोकळी होते. ती माफ करते, अत्याचार करणारा रडतो, मंडळी गाणं म्हणते. संपलं पुस्तक.

क्षमेला माझा विरोध नाही. ख्रिस्ती कथेतून क्षमाच काढली तर उरणार काय? पण बायबलमधलं लूक 17:3 पूर्ण वाचा. भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असं येशू सांगतो. दटावणं तिथे पहिलं आहे. कादंबऱ्यांत तेच गळतं, आणि खरं सांगायचं तर मंडळ्यांमध्येही तेच गळतं. पाळकाने रविवारी सगळ्यांसमोर डोळे पुसले की तो पश्चात्ताप मानायचा, आणि मग सगळ्या माना तिच्याकडे वळतात: ‘तू अजून मनात धरून बसलीस?’

मत्तय 18 चंही तेच. ‘त्याला एकांतात गाठून त्याचा अपराध दाखव’ हे पंधरावं वचन दाखवून कित्येक पीडितांना त्याच माणसासमोर एकटं पाठवलं जातं. त्याच अध्यायातलं सहावं वचन मात्र त्या वेळी कोणालाच आठवत नाही. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असं तिथे लिहिलंय. आणि ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’! पाळकावर बोट उगारलं की स्तोत्र 105 मधली ही ओळ हटकून येते. मागच्या तीन ओळी वाचल्या तर कळतं की हे अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडलेले लोक, मूठभर, परक्या देशात भटकणारी, निराधार माणसं आहेत, आणि तंबी मिळतेय ती राजांना.

कादंबरीकारांनी खरं तर 2 शमुवेल 13 समोर ठेवून लिहायला बसावं. तामारेला सावत्र भावाच्या, अम्नोनाच्या, घरी पाठवतो तो तिचा बाप, दावीद राजा. ती भावासाठी त्याच्या डोळ्यांदेखत कणीक मळते. तो तिला धरतो तेव्हा ती स्पष्ट शब्दांत ‘नको’ म्हणते, कारणंही देते, तरी तो तिच्यावर बलात्कार करतो. नंतर तो चाकराला सांगून तिला बाहेर काढतो आणि दाराला अडसर लावायला लावतो. ती डोक्यात राख घालते, अंगातला झगा फाडते आणि मोठ्याने रडत जाते. म्हणजे वाटेवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार. सख्खा भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे. दाविदाला संताप येतो, आणि मुलाला तो काहीच करत नाही. दोन वर्षांनी अबशालोम चाकरांकडून अम्नोनाला ठार करवतो, पण तोवर तामार कथेतून नाहीशी झालेली असते. ‘चर्चची बदनामी कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी एवढंच बघावं की आपल्या सर्वांत लाडक्या राजाच्या घरातली ही गोष्ट शास्त्राने झाकलेली नाही.

या अध्यायात अम्नोनाबरोबर आजूबाजूच्यांनाही जागा मिळते. आजच्या कादंबऱ्या उलट करतात, एक राक्षस रंगवतात आणि बाकीच्यांना सोडून देतात. बॉस्टन ग्लोब या अमेरिकन वृत्तपत्राने 2002 मध्ये कॅथलिक चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांबद्दल जे बाहेर काढलं त्यात धक्का बसला तो बिशपांच्या कार्यालयाने तक्रारी असलेल्या धर्मगुरूंना गुपचूप एका पॅरिशमधून (स्थानिक मंडळीतून) दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवल्याचा. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथाने अशा तक्रारी कशा हाताळल्या, यावरचा अहवाल 2022 च्या मे महिन्यात आला. आरोप झालेल्या पाळकांची यादी ठेवा, असं पीडित वर्षानुवर्षं मागत होते. प्रत्येक चर्च स्वायत्त आहे, आम्हाला ते जमणार नाही, असं उत्तर मिळत होतं. आणि त्याच काळात पंथाच्या कार्यालयात अशी यादी गुपचूप चालू होती. मला कादंबरी हवी ती या टेबलाची. नवं नाव आलं की यादीत भरायचं, फाईल बंद करायची, आणि रविवारी त्याच तोंडाने स्तोत्र म्हणायचं. तो माणूस घरी जेवताना काय बोलत असेल?

दुसऱ्या बाजूचा सोपा शेवटही मला पटत नाही, ज्यात नायिका चर्चचं दार आपटून निघून जाते आणि लगेच बरी होते. काहीजणी जातात, त्यांना जाऊ द्यावं. पण काहीजणींना स्वतःची प्रार्थना परत हवी असते, जी त्या माणसाने बरोबर नेलेली असते. मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या, आघातातून सावरण्याच्या टप्प्यांत पहिला टप्पा सुरक्षिततेचा आहे, मग आठवणं आणि शोक, माणसांशी पुन्हा जोडलं जाणं त्यानंतर. आपल्या नायिकांना थेट शेवटच्या टप्प्यावर ढकलतात. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही, तरी ते प्रार्थनाच आहे.

नायिका शेवटी माफ करते की नाही हे लेखकाने सांगितलेलंच नाही, अशी एखादी कादंबरी वाचली असेल तर नाव कळवा. मुखपृष्ठावर गव्हाचं शेत आणि सूर्योदय असेल तर मात्र आधीच सांगा.