"झाकण लावल्यावर आत कोण डोकावतो?" : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या कॅबिनेटच्या आतल्या रचनेची पारख कशी करावी, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. पुढच्या बाजूला रेडिएटर, म्हणजे पाण्याने थंड करण्याच्या यंत्रणेची जाळी, बसवल्यास ग्राफिक्स कार्डासाठी मी सांगितलेली ३३० मिलिमीटरची जागा उरत नाही, हा पहिला. मी तापमान मोजलेले नाही, हा दुसरा. आणि तिसरा आपल्याच शब्दांत देतो : "एकदा झाकण लावले की आत कोण डोकावतो? वायरींच्या वेण्या घालत बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे."

पहिला आक्षेप मला मान्य आहे. पुढचे पंखे मी हिशेबात धरले होते, परंतु रेडिएटरची साधारण २७ मिलिमीटरची जाडी वजा करायची राहून गेली. ती ओळ मी दुरुस्त केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपला आभारी आहे.

'रिकामटेकडा' हा शब्द मात्र मला लागला, हे लपवत नाही. गेली सोळा वर्षे मी संगणक जोडतो आणि दुरुस्त करतो. लेखातले प्रत्येक माप मी स्वतः पट्टी लावून घेतले होते. आपल्याला ते निरुपयोगी वाटले असेल, तर तसे लिहिण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण मुद्दा मांडायला माणसाची लायकी काढावी लागत नाही, एवढे भान प्रतिक्रिया लिहिणाऱ्याने ठेवायला हवे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक संगणक आला होता. त्याची हार्ड डिस्क मधूनच दिसेनाशी होई. मालकाने दोन डिस्क बदलल्या होत्या, पॉवर सप्लायही बदलला होता. मी झाकण काढून तपासले, तर यंत्र दिवसभर ठणठणीत चालले. झाकण लावून परत दिले आणि चौथ्या दिवशी तीच तक्रार पुन्हा दारात उभी. तेव्हा कुठे मी उजवे झाकण लावताना नीट पाहिले. डिस्कच्या जोडण्या त्याच बाजूला तोंड करून होत्या आणि त्यांच्यापुढे जेमतेम बोटभर जागा होती. झाकण सरकवताना ते साटाच्या, म्हणजे डिस्कला जोडलेल्या, वायरींना दाबत होते. वायर उपसली तेव्हा तिच्या टोकाचे काळे प्लास्टिक एका अंगाला चेपून पांढरे पडलेले दिसले. डिस्कवरची एल आकाराची जीभही तडकली होती. म्हणजे बिघाड झाकण लावल्यावरच सुरू होत होता, आणि आपण म्हणता की झाकण लावले की प्रश्न मिटला!

इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स मानकाने मदरबोर्डाचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डाचे, ३०५ बाय २४४ मिलिमीटर हे माप आणि स्क्रूंच्या भोकांच्या जागा ठरवून दिल्या. परंतु ज्या पत्र्यावर बोर्ड बसतो त्यामागे वायरींसाठी किती जागा सोडायची, पत्र्याला भोके कुठे पाडायची आणि कडा मुडपायच्या की धारदारच ठेवायच्या, हे कॅबिनेट घडवणारा ठरवतो. त्यामुळे बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन कॅबिनेटांत आतून जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. बोर्डाला वीज देणारी चोवीस पिनांची जाड वायर पत्र्यामागून न्यायची तर तिथे २० ते २५ मिलिमीटर जागा हवी. ती नसेल तर झाकण फुगते, मग माणूस ते गुडघ्याने रेटून बसवतो. प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी बहुधा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. त्या कोपऱ्याजवळ भोक नसेल तर ती वायर सगळ्या बोर्डावरून आडवी ओढावी लागते. प्रोसेसरच्या मागे पत्रा कापलेला नसेल, तर कूलरची मागची पट्टी बदलण्यासाठी ग्राफिक्स कार्ड, सगळ्या जोडण्या आणि नऊ स्क्रू काढून अख्खा बोर्ड बाहेर घ्यावा लागतो. हे मी अनेकदा केले आहे. न मुडपलेल्या पत्र्याने कापल्याची खूण माझ्या उजव्या तर्जनीवर अजून आहे. याला आपण वेणी म्हणत असाल, तर आपण कॅबिनेट कधी आतून हाताळले आहे का, अशी मला शंका येते.

तापमानाबद्दल एवढेच सांगतो की तो लेख त्याविषयी नव्हता. पंखे, सुटे भाग आणि खोलीची हवा बदलली की आकडे बदलतात. पत्र्यातले भोक आहे तिथेच राहते.

मापांविषयी आपल्याला आणखी काही चुकीचे आढळले, तर अवश्य लिहावे. रेडिएटरसारखीच तीही दुरुस्ती मी करीन. माझ्या उद्योगाला नावे ठेवणाऱ्या प्रतिक्रियेला मात्र यापुढे उत्तर देणार नाही.