‘व्हार कशाला शिकवता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

वेबपानांमागे चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मूलतत्त्वांची उजळणी करणाऱ्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती येथे उद्धृत करतो: ‘काका, २०१५ नंतर जग पुढे गेले. लेट आणि कॉन्स्ट होइस्टच होत नाहीत, मग व्हार आणि होइस्टिंगवर अर्धा लेख कशाला? त्याऐवजी इव्हेंट लूप आणि प्रॉमिस नीट समजावले असते तर कोणाला उपयोग तरी झाला असता. शिवाय अलर्ट? टाइपस्क्रिप्टच्या काळात? तुम्ही शेवटचा प्रोडक्शन कोड कधी लिहिलात?’ नवख्या वाचकांसाठी: व्हार, लेट आणि कॉन्स्ट हे व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव) घोषित करण्याचे शब्द आहेत, तर होइस्टिंग म्हणजे घोषणेची ओळ येण्याआधीच इंजिनाने (कोड चालवणाऱ्या प्रोग्रामने) त्या नावाची नोंद करणे. अलर्ट पानावर संदेशाची चौकट उघडतो, इव्हेंट लूप कोणते काम केव्हा चालवायचे ते ठरवतो, प्रॉमिस म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराची जागा, टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइप जोडलेली जावास्क्रिप्ट आणि प्रोडक्शन कोड म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेला कोड.

‘काका’ या संबोधनाला माझी हरकत नाही, कारण वयाने मी तो मान कमावला आहे. मात्र अनोळखी माणसाच्या उपजीविकेवर शंका घेऊन मग ज्ञानाची चर्चा करायची, ही रीत मला मान्य नाही. आपण लेखातील एखादे विधान उचलून ते चूक असल्याचे दाखवले असते, तर मी आनंदाने वाद घातला असता. तसे एकही विधान आपण दाखवलेले नाही. उलट आपल्याच प्रतिक्रियेत एक चुकीचे विधान आहे आणि ते इतक्या आत्मविश्वासाने केलेले आहे की नवशिक्या वाचकाला ते खरे वाटेल. त्यासाठीच हे उत्तर सविस्तर लिहावे लागत आहे.

‘लेट आणि कॉन्स्ट होइस्टच होत नाहीत’ हे ते विधान. कृपया एक छोटा प्रयोग करावा. बाहेर ‘क्ष’ नावाचे व्हेरिएबल लेटने घोषित करून त्याला १ ही किंमत द्यावी. त्यानंतर महिरपी कंसांचा एक ब्लॉक उघडून त्याच्या पहिल्या ओळीत ‘क्ष’ कन्सोलवर (ब्राउझरच्या संदेशपट्टीवर) छापावा आणि दुसऱ्या ओळीत त्याच ब्लॉकमध्ये लेटने नवा ‘क्ष’ घोषित करून त्याला २ ही किंमत द्यावी. आपले म्हणणे खरे असेल तर पहिल्या ओळीला आतला ‘क्ष’ ठाऊकच नसणार, म्हणजे बाहेरचा १ छापला जायला हवा. प्रत्यक्षात रेफरन्स एरर येतो, कारण ब्लॉकमध्ये शिरतानाच इंजिनाने आतल्या ‘क्ष’ची नोंद केलेली असते आणि घोषणेची ओळ येईपर्यंत त्याला हात लावण्यास मनाई असते. या मनाईच्या टप्प्यालाच टेम्पोरल डेड झोन म्हणतात. व्हारचीही अशीच आगाऊ नोंद होते. फरक इतकाच की ती पूर्ण फंक्शनसाठी होते आणि किंमत मिळेपर्यंत त्यात अनडिफाइन्ड असते, त्यामुळे एरर न येता चुकीचे उत्तर पुढे सरकत राहते. लेटमध्ये ही मनाई का घातली, हे व्हार न शिकता कोणाला कसे कळावे? उजळणीत जो भाग मी आधी घेतला, तो नेमका याच कारणासाठी घेतला.

आता माझ्या प्रोडक्शन कोडविषयी. आपण विचारलेच आहे, म्हणून सांगतो. इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळापासून मी ही भाषा लिहून पोट भरतो आहे आणि आजही एका वित्तसंस्थेच्या जुन्या प्रणालीची देखभाल करतो. त्या प्रणालीत व्हार आहे, जेक्वेरी ही जुनी लायब्ररी आहे, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्यापैकी कोणीही आता तेथे नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला लेट ठाऊक होते, पण फॉर लूपच्या प्रत्येक फेरीला तो नवे व्हेरिएबल देत नसे. त्यामुळे ० ते २ अशा लूपमध्ये सेटटाइमआउट (काम थोड्या वेळाने करायला सांगणारे फंक्शन) लावून लूपचा आकडा छापला की इतर ब्राउझरांत ०, १, २ छापले जात आणि तेथे मात्र तीन वेळा ३, अगदी व्हारसारखेच. अशा कोडसमोर बसून चूक शोधावी लागते तेव्हा २०१५ नंतर जग कुठे गेले, हा प्रश्न फारसा कामाला येत नाही. बेबल या कोड रूपांतरित करणाऱ्या साधनाने जुन्या ब्राउझरांसाठी रूपांतरित केलेली फाइल उघडून पाहिलीत, तर तुमच्या सुबक लेटचे तेथे व्हार झालेले दिसेल. पण त्यासाठी फाइल उघडावी लागते, हेही खरे.

भाषेच्या मानकाच्या २०१५ मधील सहाव्या आवृत्तीने लेट आणि कॉन्स्ट आणले, पण काहीही मोडीत काढले नाही, आणि काढणे शक्यही नाही. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये या भाषेचा पहिला आराखडा दहा दिवसांत तयार केला. तेव्हापासून नलचा (‘काहीच नाही’ या किमतीचा) टाइप विचारल्यावर ‘ऑब्जेक्ट’ असे उत्तर मिळते. ती खोड सुधारण्याचा प्रस्तावही आला होता, पण चालू संकेतस्थळे मोडतील म्हणून तो नाकारला गेला. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर अॅरेच्या ‘फ्लॅट’ या मेथडचे (यादीतल्या याद्या एकाच यादीत उलगडणाऱ्या आज्ञेचे) घ्या. तिचे मूळ ठरलेले नाव ‘फ्लॅटन’ होते. जुन्या मूटूल्स लायब्ररीत त्याच नावाची मेथड असल्याने काही संकेतस्थळे बंद पडू लागली आणि २०१९ च्या आवृत्तीत ती ‘फ्लॅट’ या नावाने आली. भाषेची मानक समिती ज्या जुन्या कोडपुढे आपला ठरलेला शब्द बदलते, तो कोड विद्यार्थ्याने वाचूच नये, असा आपला आग्रह दिसतो. भले.

अलर्टविषयीचा आपला मुद्दा मान्य करतो. अलर्ट पानाचे सगळे काम थांबवून ठेवतो, त्यामुळे वेळेशी संबंधित उदाहरणांत कन्सोल.लॉग वापरणे अधिक योग्य ठरले असते. ती दोन उदाहरणे मी बदलली आहेत. योग्य सूचना कोणीही केली तरी मी ती स्वीकारतो, आणि आपणही अपवाद नाही.

इव्हेंट लूपचे म्हणाल तर त्याची व्याख्या एचटीएमएलच्या मानकात आहे, ईसीएमए-२६२ या जावास्क्रिप्टच्या मानकात नाही, आणि माझा लेख भाषेवर होता. प्रॉमिसचे जॉब (रांगेत लावलेली कामे) मात्र भाषेच्या मानकात आहेत, हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते दाखवून देण्याचे कष्ट घेऊ नयेत. एका परिच्छेदात जेवढे बसले तेवढे मी दिले. टाइपस्क्रिप्ट हा त्या लेखाचा विषय नव्हता.

वर दिलेला ‘क्ष’चा प्रयोग आपण करून पाहिलात, तर काय छापले गेले तेवढे कळवावे. ‘काका’ म्हणूनच कळवलेत तरी चालेल.