गंज माझ्या विचारांवर

लिंक्डइनवर लोक रडतातसुद्धा परिच्छेद पाडून. एक ओळ, मग मोकळी जागा, मग एकच शब्द, पुन्हा मोकळी जागा. पुण्यात स्क्वेअर फुटाचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला ही उधळपट्टी बघवत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायोतल्या एका छोट्या कंपनीच्या मालकाने माणसं कामावरून काढली आणि डोळ्यांत पाणी आणून स्वतःचाच सेल्फी टाकला. जगभर त्याची यथेच्छ टिंगल झाली. मला वाटलं, सुटलो, आता हे प्रकार बंद होतील. लोकांनी मात्र त्यातून एवढंच घेतलं की रडण्याला रीच चांगला मिळतो.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही गिअर बनवतो. बनवलेला गिअर तपासतो आणि तपासलेला पाठवतो. यात 'थ्रिल्ड टु अनाउन्स' म्हणावं असं काही घडलंच, तर ऑडिटर येतो. तरीही एचआरने फतवा काढला की मॅनेजर आणि त्यावरच्या सगळ्यांनी आठवड्याला एक तरी ऑथेंटिक पोस्ट टाकायची. कोणाची पोस्ट किती ऑथेंटिक आहे, हे मार्केटिंगची सायली तपासून देणार होती.

विषय माझ्याकडे ताजा होता. काही सोमवारी सकाळी ट्रेमधल्या गिअरवर तांबूस डाग दिसायचे. शनिवारी चकचकीत ठेवलेला माल सोमवारी गंजलेला. स्टोअर म्हणे पावसाळी हवा, प्रॉडक्शन म्हणे पॅकिंग, पॅकिंगवाले म्हणत 'आम्हाला असाच आला'. शेवटी आमचा एक जुना ऑपरेटर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे तेलाचं प्रमाण दाखवणारी छोटी नळी, घेऊन आला. काचेवर कूलंटचा, म्हणजे गिअर कापताना मशीनवर सोडतात त्या तेल-पाण्याचा, थेंब टाकला, उजेडाकडे धरून डोळा लावला आणि म्हणाला, "साहेब, हे कूलंट नाय, हे ताक हाय." रात्रपाळीत टाकीची पातळी उतरली की पोरं तेल मोजायच्या भानगडीत न पडता नुसतं पाणी ओतत होती. तेलाचं प्रमाण पडलं, गंज रोखायची ताकद गेली. टाकीजवळ रीडिंगचा तक्ता लावला, पाळी बदलताना सही सक्तीची केली, डाग थांबले.

एवढं सरळ लिहून टाकलं. लाइक आला मेव्हण्याचा. (तो माझं न वाचता सगळंच लाइक करतो, वहिनींच्या वडिलांच्या निधनाची बातमीसुद्धा.) एका कूलंट विक्रेत्याने 'डीएम करा' म्हटलं. आणि कोल्हापुरात मशीनशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "फॅक्टर किती धरला?" रिफ्रॅक्टोमीटरवरच्या आकड्याला त्या-त्या तेलाच्या फॅक्टरने गुणावं लागतं. हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच पोस्ट खरी वाचली. मला तर कोणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं झालं.

सायलीचा चेहरा पडला. "सर, यात हूक कुठंय?"

मग तिने मला शिकवलं. एका पोस्टमध्ये ३००० अक्षरं मावतात, पण वाचणाऱ्याला आधी दिसतात जेमतेम तीन ओळी. 'आणखी पहा'वर त्याचं बोट पडलं पाहिजे. आमचं कूलंट पहिल्या तीन ओळींत पोचतच नव्हतं. तिने माझा फोन घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं:

'सोमवारी सकाळी मी हादरलो.

कारण?

गंज.

पण तो गंज गिअरवर नव्हता.

तो माझ्या विचारांवर होता.

सहमत?'

"अगं, पण तो गिअरवरच होता," मी म्हणालो.

"सर, गिअरशी कोण रिलेट करणार?"

दुपारपर्यंत रांग लागली. 'सो ट्रू सर', 'पॉवरफुल', 'नीडेड धिस टुडे'. खाली तयार उत्तरांची बटणं असतात, त्यातलं जे हाताला लागेल ते लोक दाबतात. त्यामुळे गंजाबद्दल माझं अभिनंदनही झालं. एका लाइफ कोचने कळवलं की त्याच्याही विचारांवर गंज होता आणि कमेंटमध्ये 'गंज' लिहिणाऱ्यांना तो त्यावरची पीडीएफ फुकट पाठवेल. माझ्या पोस्टखाली त्याचं दुकान थाटलं गेलं. दहावीपासून न भेटलेल्या वर्गमित्राने घरी फोन करून बायकोला विचारलं, "तो बरा आहे ना?"

या कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. 'लाइक करा, मित्राला टॅग करा' म्हणणाऱ्या पोस्टी खाली ढकलू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. लिंक्डइननेही मे २०२२ मध्ये तसंच सांगितलं. तेव्हापासून 'लाइक करा' म्हणणं गावंढळ ठरलं आणि 'सहमत?' आलं. आता या प्रश्नाला कोण नाही म्हणणार? विचार गंजू नयेत, आईचा मान ठेवावा, वॉचमनशी नीट बोलावं. असहमत व्हायला माणूस नरकातूनच यायला हवा.

पुढच्या आठवड्यात एमडींनी माझी विचारांवरची पोस्ट स्वतः शेअर केली, वर लिहिलं, 'प्राउड ऑफ अवर कल्चर'. त्याच दिवशी हेड ऑफिसातून दुसरा मेल आला: कूलंटची पोस्ट ताबडतोब काढावी, आमच्या मालावर गंज होता हे गिऱ्हाइकांना कळणं ब्रँडच्या दृष्टीने बरं नाही. मी ती काढली. गंज आता फक्त विचारांवर उरला, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती.

रात्री लिंक्डइनवर कोल्हापूरकरांचा मेसेज आला. "साहेब, ती कूलंटची पोस्ट दिसेना झालीय. पोरांना दाखवायची होती." मजकूर माझ्याकडे होता, तिथेच चिकटवून पाठवला, नंबर दिला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"मिळालं. पण फॅक्टर राहिलाच की वो! आमच्या डब्यावर दीड लिहिलाय. तुमचा किती?"