दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: भिंत वाळल्याशिवाय रंग का लावला नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: सीलिंग आणि वॉर्डरोब गरजेपेक्षा जास्त तोडला, आठवडाभर खिडक्या बंद ठेवून मशीन चालवलं आणि लाइटबिल वाढवलं, ब्लीचने होणारं काम लांबवलं, बुरशीची टेस्ट केली नाही, रंग लावायला नकार दिला, आणि एवढं करून स्कर्टिंगजवळ बुरशी परत आली. पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ओल आलेल्या प्रत्येक घरात आम्हाला हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं नाव, बिल्डिंग, फ्लॅट नंबर यांतलं काही इथे येणार नाही.

आधी परत आलेल्या बुरशीचं, कारण सासऱ्यांना दमा आहे असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. स्कर्टिंगच्या वर वीतभर पट्ट्यात पांढरं, कापसासारखं काहीतरी फुटलंय. मला तो लोणा वाटतो. भिंत आतून वाळायला लागली की पाणी पृष्ठभागाकडे येतं, सिमेंट-विटांमधले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार बाहेर राहतात. घरच्या घरी तपासा: चिमटीत घेऊन चुरडा, मिठासारखा भुगा झाला तर लोणा. त्यावर स्प्रेने थोडं पाणी मारा. लोणा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच चिकटून बसते. लोणा असेल तर कोरड्या ब्रशने झाडून भुगा सुपलीत गोळा करा. ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार पुन्हा भिंतीत जातात. फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, म्हणून मी स्वतः येऊन बघणार आहे. बुरशी निघाली तर तेवढा भाग पुन्हा करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. कोटेशनवर तसं लिहिलेलंच आहे.

आता तोडफोडीबद्दल. वरच्या फ्लॅटमधल्या गीझरचा पाइप फुटला तेव्हा तुम्ही सगळे गावी होतात आणि घर बंद होतं. ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. तेवढ्यात सगळं वाळवलं तर बहुतेक सामान वाचतं. तुमच्याकडे ती वेळ घर उघडण्याआधीच निघून गेली होती.

सीलिंगला आपण सगळे पीओपी म्हणतो, पण तुमच्या बेडरूममध्ये जिप्सम बोर्ड आहे. मध्ये जिप्सम, दोन्ही बाजूंना कागद. बोर्ड पाणी आडवं शोषत जातो आणि कागद हे बुरशीचं खाणं. खालून डाग ताटाएवढा दिसत होता. बोर्ड उतरवल्यावर वरच्या बाजूला काळपट हिरवी बुरशी पार पंख्याच्या हुकापर्यंत गेलेली होती, ते तुम्ही तेव्हा पाहिलंत. म्हणून डागाच्या पुढे कोरडा, स्वच्छ बोर्ड लागेपर्यंत कापला.

वॉर्डरोबची दारं चांगली आहेत, ती ठेवली. पाठ एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) होती, भिंतीला अगदी टेकून बसवलेली. पुढून लॅमिनेट चकचकीत, पण बोटाने दाबलं की मागून भुसा निघत होता. एमडीएफ एकदा फुगला की पूर्ववत होत नाही आणि आत शिरलेली बुरशी पुसून निघत नाही. ती पाठ ठेवली असती तर कुबट वास तसाच राहिला असता, आणि सासऱ्यांचा पलंग तिथून चार हातांवर आहे. नवीन पाठ बसवताना भिंतीपासून दोन-तीन इंच जागा सोडायला सुताराला सांगा, हवा खेळली पाहिजे.

खिडक्यांबद्दल तुमचा राग समजू शकतो. आपल्याकडे ओल म्हटलं की पहिला सल्ला असतो, ‘खिडक्या उघड्या टाका, वारा लागू दे’. दिवाळीनंतर हा सल्ला बरोबर. जुलैत नाही. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि पाऊस चालू असताना बाहेरच्या हवेची आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर. त्या हवेत ओली भिंत वाळेल कशी? खिडकी उघडी ठेवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं ते मशीन, लावला तर तो ठाण्याचा पाऊस शोषत बसतो. म्हणून खोली बंद केली, खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणली आणि ती तिथेच ठेवली. मशीनची टाकी भरली की तुमच्या सासूबाईच बादलीत रिकामी करायच्या. ते सगळं पाणी तुमच्या भिंतीतून आणि सीलिंगमधून निघत होतं. लाइटबिल वाढलं हे खरं, वाढणार हे आधी सांगितलंही होतं. काम झाल्यावर एसी ड्राय मोडवर चालवला तरी पुरेल.

ब्लीच. तुमच्या भावाने सांगितलेला उपाय बाथरूमच्या टाइल्सवर चालतो, कारण तिथे बुरशी वरवर असते. प्लास्टर आणि लाकडात मात्र ब्लीचमधलं पाणी आत झिरपतं आणि क्लोरीनचं काम वरच्या वर संपतं. डाग फिका पडतो, माणसाला वाटतं गेली, आणि आत ओल असली की ती पुन्हा वर येते. शिवाय मेलेल्या बुरशीचाही दमेकऱ्याला त्रास होतो; ती मारून भागत नाही, काढावी लागते. म्हणून दाराला प्लास्टिक लावलं, खिडकीतल्या एक्झॉस्टने हवा बाहेर काढली, हेपा व्हॅक्यूम फिरवला आणि मग साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडं केलं. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साधा व्हॅक्यूम किंवा झाडू बुरशीचे बीजाणू घरभर उडवतो. आणि कृपा करून, हे वाचणाऱ्या सगळ्यांनीच, ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

टेस्ट केली नाही, कारण गरज नव्हती. नुसत्या रंगावरून बुरशीची जात कळत नाही, आणि कळली तरी काम तेच: पाणी थांबवा, सडलेलं काढा, बाकीचं स्वच्छ करा, वाळवा. डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीसाठी तुम्हाला लॅबचा खर्च का करायला लावू?

राहिला रंग. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने अँटीफंगल पेंट मारून एका दिवसात खोली देतो म्हटलं, निम्म्या पैशांत. मीही ते करू शकलो असतो आणि गणपतीपर्यंत तुम्ही खूश असता. पण शेवटच्या दिवशी तुमच्यासमोर भिंतीला ओल मोजायचा मीटर लावला होता. आमचा पिनचा मीटर मुळात लाकडासाठी बनलेला आहे, प्लास्टरवर त्याचा आकडा जसाच्या तसा खरा धरता येत नाही. त्यामुळे घरातली पक्की कोरडी भिंत घेऊन तिच्याशी तुलना करतो. हॉलच्या भिंतीपेक्षा बेडरूमची भिंत खालच्या भागात अजून स्पष्ट ओली दाखवत होती. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, फुगारे येतात, पोपडे सुटतात. अँटीफंगल पेंट कोरड्या, स्वच्छ भिंतीवर उपयोगी आहे. ओल्या भिंतीवर तो मी माझ्या घरी लावणार नाही, तुमच्याही नाही.

खर्च कोणी द्यायचा याबद्दल थोडं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा सामाईक पाइपमधून आलेली गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेची गळती संबंधित फ्लॅटधारकांनी आपसात बघायची. आमच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो आणि मीटरची नोंद तुमच्याकडे पाठवलेली आहे, ती सेक्रेटरींना द्या. वरच्यांशी बोलताना उपयोग होईल.

येत्या रविवारी सकाळी मीटर घेऊन येतो, वेळ तुम्ही कळवा. तोपर्यंत पलंग त्या भिंतीपासून लांबच ठेवा, सासऱ्यांना शक्यतो हॉलमध्ये झोपू द्या, आणि लोणा झाडताना एन-९५ मास्क लावा. कपाटातल्या ज्या साड्यांवर ठिपके आलेत त्या बाकीच्या कपड्यांत मिसळू नका. पाऊस उघडला की बाल्कनीत मऊ ब्रशने झटका आणि जरीच्या सरळ ड्रायक्लीनला द्या. रंगाऱ्याला अजून अॅडव्हान्स देऊ नका. दोन्ही भिंतींचे आकडे सारखे आले की मीच सांगेन, मग तुम्हाला हवा तो रंगारी लावा.