‘दहा रीडिंगची सरासरी काढा, थर्मिस्टर स्थिर होईल’ या सल्ल्याचा प्रतिवाद

आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की रोध कमी होणारा घटक, जोडणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: आकडे उड्या मारत असतील तर प्रोग्राममध्ये लागोपाठ दहा रीडिंग घेऊन सरासरी काढावी, कपॅसिटर लावू नये, कारण त्याने मापन संथ होते, आणि एवढे करूनही आकडा हलत राहिला तर थर्मिस्टरच खराब समजून बदलावा. यावर विसंबून कोणी अंडी उबवण्याचे यंत्र बांधले, तर आतल्या पिलांचा जीव त्या आकड्यावर अवलंबून असतो. म्हणून ही तिन्ही विधाने तपासून घेणे मला आवश्यक वाटते.

उदाहरणासाठी 25 अंशांना 10 किलो-ओहम आणि बीटा (तापमानानुसार रोध किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा आकडा) 3950 असलेला थर्मिस्टर ग्राउंडच्या बाजूला, त्याच्यावर 10 किलो-ओहमचा रेझिस्टर, 5 व्होल्टचा पुरवठा आणि ऊनो या आर्डुइनो बोर्डाचा 10 बिटांचा एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) अशी जोडणी घेऊ. उबवणीच्या 37.5 अंश सेल्सिअसजवळ तापमान एका अंशाने बदलले की एडीसीचा आकडा साधारण 10 ने बदलतो.

पहिले विधान सरासरीचे. प्रत्येक रीडिंगमधील चूक स्वतंत्र आणि यादृच्छिक असेल, तर दहांच्या सरासरीने ती सुमारे एक तृतीयांशावर येते, हे खरे आहे. परंतु भारतातील घरगुती वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणजे तिचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, आणि ऊनोवर दहा रीडिंग जेमतेम 1.1 मिलिसेकंदात उरकतात. लांब तारेत शिरलेल्या त्या लहरीच्या एकाच टोकावर ही दहाही रीडिंग पडतात, सगळी एकाच दिशेला ढकलली जातात आणि सरासरीत ती चूक जशीच्या तशी उतरते. त्यातही वाईट असे की, वारंवारता नेमकी 50 नसते. ती 50.03 असताना दर सेकंदाला एकदा मापन केले, तर पडद्यावर सुमारे 33 सेकंदांची संथ चढउतार दिसते आणि पाहणाऱ्याला ती तापमानाचीच वाटते. उपाय सरासरीचाच आहे, पण ती पूर्ण 20 मिलिसेकंदांवर पसरलेली हवी. लागोपाठ सुमारे 180 रीडिंग त्यात बसतात. बेरीज मात्र प्रोग्राममधल्या 16 बिटांच्या इंट या पूर्णांक प्रकारात मावत नाही, लाँग हा मोठा प्रकार घ्यावा लागतो.

रिले (विजेने चालणारा स्विच) उघडताना एखादेच रीडिंग 200 ने उसळले, तर दहांची सरासरी 20 ने, म्हणजे जवळजवळ दोन अंशांनी, सरकते. तेथे मध्यक, म्हणजे रीडिंग क्रमाने लावून मधले, घ्यावा.

काही चुका तर कितीही सरासरी काढली तरी हलत नाहीत. थर्मिस्टरची आणि 1 अँपिअर घेणाऱ्या पंख्याची ग्राउंडची तार एकच असेल आणि तिचा रोध 50 मिलिओहम असेल, तर पंखा चालू होताच थर्मिस्टरचे ग्राउंड 50 मिलिव्होल्टने वर उचलले जाते आणि तापमान अर्ध्या अंशाहून अधिक कमी दिसते. ग्राउंडची तार वेगळी ओढणे एवढाच त्यावरचा इलाज आहे. तसेच, ‘3.3 व्होल्ट अधिक स्वच्छ’ म्हणून डिव्हायडरला (रेझिस्टर आणि थर्मिस्टरच्या जोडीला) 3.3 व्होल्ट देऊन एडीसीचा संदर्भ (ज्या व्होल्टेजच्या तुलनेत तो आकडा ठरवतो ते) 5 व्होल्टवर ठेवणारे बरेच आहेत. भार पडून ते 5 व्होल्ट 4.8 वर आले की दीड अंशाहून मोठी चूक होते. दोन्हींना एकच व्होल्टेज दिले, तर चढउतार भागाकारातच निघून जाते.

दुसरे विधान कपॅसिटरचे. या जोडणीत एडीसीच्या पिनजवळ 10 मायक्रोफॅरड लावला, तर त्याचा काल-स्थिरांक (नव्या व्होल्टेजकडे सरकायला लागणाऱ्या वेळेचे माप) 50 मिलिसेकंदांच्याही आत राहतो, आणि स्थिर हवेत थर्मिस्टरलाच नवे तापमान दाखवायला कित्येक सेकंद लागतात. त्यामुळे संथपणाचा आक्षेप टिकत नाही. उलट, स्विचिंग पुरवठ्याची (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज देणाऱ्या पुरवठ्याची) हजारो हर्ट्झची खरखर एडीसीत शिरण्यापूर्वीच अडवावी लागते. एकदा ती नमुन्यांत मिसळली की प्रोग्रामला ती खऱ्या बदलापासून वेगळी ओळखता येत नाही. वेगवान खरखरीसाठी सोबत 100 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा.

तिसऱ्या विधानाची परीक्षा सोपी आहे. थर्मिस्टर काढून तारेच्या त्याच टोकाला 5.6 किलो-ओहमचा साधा रेझिस्टर जोडावा. आकडा तरीही हलला, तर थर्मिस्टर निर्दोष आहे. मग तोच रेझिस्टर थेट बोर्डाजवळ लावून पाहावा: तेथे आकडा स्थिर झाला, तर दोष तारेत आहे आणि ती पीळ देऊन वीजवाहक तारांपासून दूर न्यावी, तेथेही हलला, तर पुरवठा, संदर्भ आणि ग्राउंड तपासावेत.